डोनेगलचे लोकरी पांघरूण, वेंगुर्ल्याच्या दमट हवेत

आयर्लंडच्या वायव्य टोकाला असलेल्या डोनेगल परगण्यात हातमागावर विणलेले, निव्वळ लोकरीचे एक पांघरूण गेल्या वर्षी आमच्या घरी आले. गॉलवेच्या रुग्णालयात परिचारिका असलेल्या माझ्या भाचीने ते डोनेगलच्या दक्षिण भागातल्या एका लहान दुकानातून घेतले. दुकानाच्या मागच्या खोलीत माग आहे आणि गिऱ्हाइकाला उभे राहून विणकाम पाहता येते, असे तिने सांगितले. लांबी सुमारे सहा फूट, रुंदी साडेचार फूट, वजन सव्वा किलोच्या आसपास आणि किंमत १६५ युरो, म्हणजे आपल्या हिशेबाने सोळा-सतरा हजार रुपये. एवढ्या पैशांत घरातल्या प्रत्येकाला सोलापुरी चादर घेऊन वर चतुर्थीचा अर्धा बाजार झाला असता, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ऐकवले. पावसाळा आणि हिवाळा असे दोन्ही ऋतू त्याने आमच्याकडे काढले असल्यामुळे आता त्याविषयी लिहायला हरकत नाही.

आधी कापडाविषयी. वीण तिरकस असून दर दोन बोटांवर तिची दिशा उलटते, त्यामुळे बांगडा खाऊन झाल्यावर ताटात उरणाऱ्या काट्यासारखी नक्षी सबंध पांघरूणभर दिसते. लांबून रंग नुसता राखाडी वाटतो, पण ओटीवरच्या उजेडात धरले की त्या राखाडीत पिवळे, तांबूस, निळे आणि शेवाळी ठिपके विखुरलेले दिसू लागतात. हे ठिपके छापलेले नाहीत आणि वरून भरलेलेही नाहीत. नखाने उचकटून पाहिले तर ठिपका सुटून येत नाही, कारण तो म्हणजे रंगीत लोकरीची बारीक गुठळी असते आणि तिचे तंतू सुताच्या पिळात घट्ट अडकलेले असतात. डोनेगलच्या कापडाची जगभरातली ओळख ती हीच. काठ दोन्ही बाजूंनी सरळ आहेत. मात्र नीट पाहिल्यास काही ठिकाणी बाण्याचा धागा वळताना किंचित सैल सुटलेला दिसतो, आणि यंत्रमागावर असे सहसा होत नसल्यामुळे हात मागावर फिरला आहे याची ती खूणच मानायला हवी. दशा मात्र तितक्या काळजीने वळलेल्या नाहीत. एका कोपऱ्यातल्या गाठी आल्या तेव्हाच सुटलेल्या होत्या आणि त्या घरी पुन्हा माराव्या लागल्या. सोळा हजारांच्या वस्तूत हे व्हायला नको होते.

ठिपक्यांची ही रीत घरगुती कामातून निघाली आहे, आणि ते काम समजून घेतल्याशिवाय या पांघरुणाचे मोल ठरवता येत नाही. पश्चिम आयर्लंडच्या खेड्यांत उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढ्या कातरल्या की पुढचे जवळपास सगळे काम बायकांच्या हातचे असे. लोकर निवडायची, म्हणजे खांद्यावरची मऊ वेगळी आणि मागच्या पायांकडची भरड वेगळी. मग ती धुवायची, वाळवायची, बोटांनी मोकळी करायची, आणि धुण्यात गेलेल्या नैसर्गिक तेलाच्या जागी थोडे लोणी किंवा हंसाची चरबी चोळायची. त्यानंतर तारेचे बारीक दात बसवलेल्या दोन लाकडी फळ्यांमध्ये ती पिंजून तिचे पेळू वळायचे. शाळेत टकळीवर सूत कातलेल्या आमच्या पिढीला पेळू म्हणजे काय हे सांगायला नको, फक्त तो कापसाऐवजी लोकरीचा आहे असे समजावे. कातण्यासाठी पश्चिमेकडे मोठे चाक वापरत. त्यापुढे बसायचे नसते, उभे राहायचे असते. एका हाताने चाकाला गती द्यायची, दुसऱ्या हातातला पेळू लांबवत मागे सरकायचे, पुरेसा पीळ बसला की पुन्हा पुढे येत ते सूत चातीवर गुंडाळायचे, आणि घरातली इतर कामे सांभाळून हेच दिवसभर चालायचे. पायाने चालवायचे लहान चाक बहुधा अळशीच्या, म्हणजे लिननच्या धाग्यासाठी असे. एका विणकराला पुरेसे सूत पुरवायला अनेक कातणाऱ्या लागत, म्हणून शेजारपाजारच्या बायका एका घरी जमून कातायला बसत.

पुष्कळदा लोकर कातण्याच्या आधीच रंगवली जाई, आणि ठिपक्यांचे मूळ इथे आहे. निरनिराळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजली की सूत मिश्र रंगाचे होते, आणि पिंजताना न फुटलेल्या गुठळ्या त्यात तशाच राहतात. रंगांची सामग्री वाचताना कोकणातल्या वाचकाला गंमत वाटेल. तपकिरी आणि तांबूस छटांसाठी खडकावरचे शेवाळासारखे दगडफूल खरवडून आणत, मोठ्या भांड्यात लोकरीचा एक थर आणि त्याचा एक थर असे रचून तासन्‌तास उकळत. मालवणी मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, त्याच्याच कुळातले ते. लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून मिळे. कॉनेमाराच्या बायकांचे लाल परकर त्यातलेच. निळ्यासाठी बाहेरून आलेली नीळ विकत घ्यावी लागे, आणि ती विरघळवायला साठवून आंबवलेले मूत्र वापरत, ही माहिती दुकानातली माणसे गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगत नसावीत.

विणणारा बहुधा पुरुष असे. काहींच्या घरात माग असे आणि तो निम्मी खोली अडवून बसे. बाकीच्या घरांतून सुताच्या लडी गावच्या विणकराकडे पोहोचवल्या जात. मागावरून उतरलेले कापड विरविरीत असते. ते ओले करून पायांनी तुडवत, किंवा पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत कुटून घेत, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून कापड आटते, जाड होते आणि वारा-पाऊस अडवते. न रंगवलेल्या पांढऱ्या लोकरीच्या अशाच कापडाची जाकिटे अरन बेटांवरचे कोळी घालत आणि कमरेला रंगीत पट्टा बांधत. तो पट्टा विणायला मागच लागत नसे. धाग्यांचे एक टोक पायात अडकवून तो बोटांनी विणत. चाकाला सुट्टीही होती. १ फेब्रुवारीला संत ब्रिजिदच्या दिवशी आणि ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी चाक फिरवू नये अशी समजूत होती, जशी आपल्याकडे नागपंचमीला विळी आणि नांगर धरत नाहीत.

या सगळ्या मेहनतीची कायद्यानेही दखल घेतली होती. सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या आयरिश कायद्यात नवरा-बायको विभक्त झाले तर लोकरीतला बायकोचा वाटा काम कुठवर आले आहे त्यावर ठरे. नुसत्या कातरलेल्या लोकरीत तो कमी, विंचरून तयार केलेल्या लोकरीत जास्त आणि विणून झालेल्या कापडात निम्मा. कष्टाचा इतका रोकडा हिशेब मला फार आवडला.

आता तक्रारीकडे वळते. पांघरुणाबरोबर एक देखणे कार्ड येते. त्याच्या दर्शनी बाजूवर मोठ्या चाकाशी उभी असलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी आहे आणि खाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरगुती परंपरेविषयी चार भारावलेली वाक्ये आहेत. कार्ड उलटले की बारीक अक्षरांत खरी माहिती मिळते: सूत गिरणीत कातलेले आहे आणि लोकर आयात केलेली आहे. दशीतला एक धागा उसवून पाहिला तरी हे कळते. हाताने कातलेल्या सुतात जाड-बारीकपणा कुठेतरी राहतोच; इथे धाग्याची जाडी आणि पीळ सबंध लांबीभर एकसारखे आहेत, आणि ठिपक्यांच्या गुठळ्यासुद्धा गिरणीत मुद्दाम तयार करून ठरल्या प्रमाणात मिसळलेल्या आहेत. यात बेकायदेशीर काही नाही. आज डोनेगलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक कापडाची हीच रीत आहे, आणि विणकाम हातमागावर झाले आहे ही गोष्ट उरतेच. पण चित्र एका बाईच्या श्रमाचे लावायचे आणि मालात तो श्रम नाही हे पाठीमागे छापायचे, हे मला पटले नाही.

आपल्याकडे याबाबत स्पष्टता आहे. १९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्याप्रमाणे सूत हाताने कातलेले आणि कापड हातमागावर विणलेले असेल तरच त्याला खादी म्हणता येते. गिरणीच्या सुतापासून हातमागावर विणलेले कापड कितीही सुंदर असले तरी ते हातमागाचे कापड ठरते. या कसोटीवर हे पांघरूण हातमागाचे आहे, आणि त्या दृष्टीने पाहिल्यास उत्तम आहे. किंमत ठरवताना म्हातारीला बाजूला ठेवावे. आयरिश लोकरीच्या व्यापारात अशा गोष्टी आणखीही आहेत. अरनच्या स्वेटरवरची वीण घराण्याप्रमाणे ठरलेली असे आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याची ओळख तिच्यावरून पटे, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. प्रत्यक्षात तो स्वेटर आजच्या रूपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि घराण्यांच्या विणीला इतिहासात आधार नाही.

खऱ्या इतिहासात सांगण्यासारखे इतके काही असताना दंतकथा विकाव्या लागतात, हे नवल आहे. इंग्लंडच्या संसदेने १६९९ साली कायदा करून आयर्लंडचे लोकरी कापड परदेशी पाठवायला बंदी केली. ते फक्त इंग्लंडला पाठवता येई आणि तिथे त्यावर जबर जकात होती. इंग्रज कापडवाल्यांना स्पर्धा नको, एवढेच त्यामागचे कारण होते, आणि त्याच कंपूने पुढे हिंदुस्थानच्या कापडाबाबत काय केले ते आपल्याला पाठ आहे. व्यापार असा बुडाला तरी घरापुरते कातणे-विणणे थांबले नाही, कारण खेड्यातल्या माणसाला अंगावर घालायला दुसरे काही परवडत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच घरगुती कौशल्याकडे दुष्काळी भागाचा आधार म्हणून पाहिले गेले. अ‍ॅलिस हार्ट या बाईंनी १८८३ मध्ये डोनेगलसाठी उद्योग निधी उभारला, आणि १८९१ मध्ये सरकारने पश्चिमेकडच्या गरीब भागांसाठी नेमलेल्या मंडळाने सुधारित माग पुरवले आणि तयार कापड तपासून चांगल्या मालाला वर बक्षीस देण्याची पद्धत घातली. आर्डारा आणि किलकार ही गावे आजही विणकामासाठी ओळखली जातात ती त्या काळापासून. पुढे गिरणीचे सूत स्वस्त झाले आणि कातणे आधी संपले, विणणे टिकले. मेंढ्या आजही तिथे मुबलक आहेत, पण त्या मुख्यतः मांसासाठी पाळतात. डोंगरी मेंढ्यांची भरड लोकर गालिच्यांना जाते आणि तिच्यातून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचेही असेच झाले आहे आणि धनगरांना ती बऱ्याचदा टाकून द्यावी लागते.

वापराचा अनुभव बराचसा चांगला आहे, पण तो अपेक्षेपेक्षा वेगळ्या ऋतूत आला. वेंगुर्ल्याच्या हिवाळ्यात एवढे जाड पांघरूण लागावे अशी थंडी जेमतेम काही पहाटे पडते. बाकीच्या रात्री ते पायांवर घेतले तरी घाम येतो. त्याचा खरा उपयोग झाला तो आषाढात. पाऊस लागून राहिला की आमच्याकडे भिंती, गाद्या, उश्या सगळे ओलसर होते, आणि सुती गोधडी अंगावर घेतली की गार चिकट स्पर्शाने झोप उडते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना तिच्यातून थोडी ऊबही निर्माण होते. त्यामुळे समुद्रावरचा वारा खिडकीच्या फटीतून आत येत असताना हे पांघरूण कोरडे आणि उबदार वाटत राहिले. आयर्लंडचा पश्चिम किनारा वर्षभर असाच भिजलेला असतो, फक्त तिथे त्याला थंडीची जोड असते. तेव्हा हे कापड ओलीसाठीच जन्माला आले आहे असे म्हणायला प्रत्यवाय नाही.

मात्र ओल वेगळी आणि पाऊस वेगळा. त्यावर लोटाभर पाणी ओतून पाहिले. थेंब क्षणभर वर थांबले आणि मग आत मुरले. गिरणीत धुताना लोकरीचे बहुतेक तेल निघून जाते आणि हे कापड मऊ राहावे म्हणून फारसे आटवलेलेही नाही, त्यामुळे ते जुन्या घरगुती कापडासारखे पाऊस अडवत नाही. या बाबतीत आपली घोंगडी सरस आहे. घाटावरच्या धनगरांनी कातरलेली काळी लोकर, घरच्या बायकांनी कातलेले सूत, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेला ताणा आणि सणगरांचा खड्डामाग, यांतून तयार झालेल्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन कोकणातल्या कैक पिढ्यांनी भातलावणी केली. भिजली तरी ती सावकाश भिजते आणि अंगाला गारवा लागू देत नाही. सासूबाईंनी त्याच मापाने नवे पांघरूण हातात घेऊन दोन्ही बाजूंनी चाचपले आणि निकाल दिला, "बरी आसा, पण आंगाक खुपता." ते खरे आहे. मेरिनोची शाल वापरणाऱ्याला हे मानेशी टोचेल. खाली जुनी सुती साडी किंवा मलमलीचे अस्तर घेतले की त्रास होत नाही. आणि सासूबाईंच्या घोंगडीपेक्षा ते कितीतरी मऊ आहे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

निगा राखणे हा कोकणात या वस्तूचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. लेबलावर फक्त ड्रायक्लीन करा असे लिहिले आहे. इथल्या एका दुकानात चौकशी केली तेव्हा त्यांनी ते गरम पाण्यात काढून कडक इस्त्री करून देण्याची तयारी दाखवली, आणि मी ते परत घेऊन आले. गरम पाणी आणि घासणे या दोन्हींमुळे लोकर आटून नमद्यासारखी होते. पायांनी तुडवून कापड जाड करण्यामागे जे तत्त्व आहे तेच इथे मुळावर येते. रिठ्याच्या थंड पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढले आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवले तर माप जसेच्या तसे राहते आणि ठिपक्यांचा रंगही उतरत नाही. ओले असताना त्याला मेंढीचा मंद वास येतो, तो वाळल्यावर जातो. कसरीची भीती मात्र कायमची आहे. पावसाळ्यात ट्रंकेत घडी घालून ठेवले तर आधी बुरशीचा वास धरते आणि मग अळ्या लागतात, म्हणून उघडीप मिळेल तेव्हा वाऱ्यावर टाकणे आणि घडीत वेखंडाचे तुकडे ठेवणे हे करावेच लागते. डांबरगोळ्यांचा वास लोकरीतून लवकर निघत नाही. सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे ते रोज वापरात ठेवणे, कारण हाताळल्या जाणाऱ्या कापडाला कसर सहसा लागत नाही.

किंमत योग्य आहे का, याचे उत्तर घेणाऱ्यावर अवलंबून आहे. पट्टणकोडोलीसारख्या गावची हातविणीची चांगली घोंगडी याच्या पाव किमतीच्या आत मिळते, ती जास्त टिकते आणि पावसात उपयोगी पडते. शेतात, मचव्यावर किंवा नुसते जमिनीवर अंथरायला हवे असेल तर डोनेगलकडे पाहण्याचे कारण नाही. ज्यांना रंगांची जाण आहे, ज्यांच्या घरात पावसाळी ओल हा खरा त्रास आहे आणि ज्यांना धुण्या-वाळवण्याची काळजी घेता येईल, त्यांनी जरूर घ्यावे. मी पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि कापलेल्या दीड गुणापैकी एक त्या कार्डाचा आहे. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला सूत कुठे कातले, लोकर कुठली आणि विणकाम मागच्या खोलीतल्याच मागावर झाले आहे का, हे विचारावे. भाचीने हे विचारले असता त्याने आडपडदा न ठेवता सांगितले, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. हाताने कातलेल्या सुताचे कापडही तिकडे काही थोडे कारागीर करतात, पण त्यासाठी आगाऊ सांगून थांबावे लागते आणि किंमत याहून बरीच जास्त पडते. टपालाने मागवल्यास पाठवणीचा खर्च आणि आयात शुल्क मिळून हिशेब हाताबाहेर जातो, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाबरोबर आणवलेले बरे. फक्त त्याच्या बॅगेत सव्वा किलोची जागा शिल्लक आहे का, ते आधी विचारून घ्यावे.